हात न लावता घेतलेली गिटार

...नाई, मले एक सांगा, ज्या माणसाचा उभा जलम दुसऱ्याच्या कापसात हात घालण्यात गेला, त्या माणसानं नव्वद हजाराची वस्तू नुसता फोटो पाहून घ्यावी? नव्वद हजार! अन् वस्तू कोणती, तं गिटार! बाहेरदेशची! हसू नका बाप्पा, हसासारखं असतं तं मी बी हसलो असतो. तुमाले सांगतो, माही मान अजून खाली हाय, अन् गिटार तं माही नोतीच.

मी अब्दुल गनी. दिग्रसच्या एका जिनिंगमधी काट्यावर बसतो, माल येते, मी वजन करतो. पण माह्या आधी कोण? नंदकिशोर, आमचा ग्रेडर, अख्खा बाजार त्याले नंदूभाऊ म्हणते. बैलबंडी आली का नंदूभाऊ बाही वर सारते अन् कोपरापर्यंत हात कापसात घालते. वरचा नाई पाहत, वरचा सगळ्याईचाच वाळलेला असते, मधातला काढते. मुठीत दाबते, कानापाशी नेते, मंग चिमटीनं धागा ओढून दोन अंगठ्याच्या मधात धरते अन् डोळे असे बारीक करून लांबी पाह्यते... मागं वीस बंड्या उभ्या असू द्या, बैल मुतू द्या, शेठ बोंबलू द्या, त्याले घाई नाई. मंग तोंड उघडते. "ओलावा हाय. वापस घेऊन जा." नाई तं, "लांबी कमी हाय." बस! झाला निकाल! ओलावा मोजाची मशीन होती आमच्या इथं, पण तिचे सेल कधीचे संपेल, ते कपाटात. नंदूभाऊचा हात असताना मशीन कायले पाह्यजे?

अन् हे खूळ घरी बी. वहिनीनं वांगे आणले, "हात लावून पाह्यलं काय?" साळ्यानं म्हैस घेतली, "हात लावून पाह्यलं काय?" पुतणीले स्थळ आलं तवा बी इचारून बसला, अन् मंग सगळे पाहून राह्यले म्हणून म्हणते, "म्हंजे... घराच्या भिंतीले म्हणतो मी, ओल गिल..." असा माणूस! शेतकरी त्याले तोंडावर शिव्या देत, पण तीस वर्षात एकानं तरी म्हटलं असन का नंदूभाऊचा हात खोटा हाय? नाव नका घेऊ! भाव शेठचा, पण हात नंदूभाऊचा, अन् त्या हातावर दहा गावचे लोक बंडी सोडत. हेच त्याची कमाई होती. हेच जाऊन राह्यलं होतं, म्हणून सांगतो.

आता गिटार कुठून आली म्हणान. तं हा यवतमाळले कॉलेजात होता तवा दोस्ताची गिटार वाजवे. गणपतीत स्टेजवर चढला, एक गाणं सुरू केलं, अर्ध्यात आलं अन् लाइटीची लाइन गेली. गेली तं गेली! दोन घंटे आली नाई. लोक उठून गेले, दोस्त गिटार घेऊन गेला, मंग नोकरी लागली, रत्नप्रभा वहिनी आल्या, पोरगी झाली, अन् ते गाणं तीस वर्ष अर्धच राह्यलं. मले तं आधी ठाऊक बी नोतं. पोरगी गुंजन पुण्याले नोकरीले लागली अन् बापाले मोठा फोन देऊन गेली, तिथून उकललं. फोनमधी स्पेनचा एक म्हातारा, लाकूड तासून राह्यला, गिटारा बनवून राह्यला, अन् नंदूभाऊ भर सीझनमधी माह्या काट्यावर येऊन दाखवून राह्यला, "गनीभाई, पाह्य, लाकडाच्या रेषा पाह्य." मी म्हटलं, पाह्यतो बावा, पण मागं आठ बंड्या हायेत!

गुंजनले फोन केला, हे मागव म्हणून. पोरगी शहाणी. म्हणे, "बाबा, आधी पुण्याला या ना, दुकानात हातात घेऊन बघा. परत पाठवायची झाली तर खर्च आपला आहे, आणि तो माणूस वापरलेली परत घेतच नाही, लिहिलंय तिथं." अन् हा काय म्हणते? "अवं, फोटो किती साफ हाय! दोन बोटानं मोठा करू करू पाह्यला म्या!" बोट लावलं व्हय, पण काचेले!

अन् साल कोणतं, तं दोन हजार चौदा. पाऊस उशिरा, बोंडं अशी बोराएवढी, दिवाळी झाली तरी भाव उठे ना, उलट रोज खाली. जिनिंगच्या फाटकापाशी चहावाला रिकामा बसे, लोक एक चहा दोघात पेत. अशा साली कोणी कोणाले कसं सांगावं का बावा मी गिटार घेतली? नंदूभाऊनं तोंड शिवलं. मले बी सांगितलं नाई! मले! एका डब्यात जेवतो आमी!

अन् ते पार्सल घरी येईन तं ते पार्सल कसलं? मुंबईले अडकलं, वरून टॅक्स भरला, अन् मंग कुरिअरवाल्याचा फोन, "दिग्रस आमच्या लिस्टमधी नाई, यवतमाळले येऊन घेऊन जा." गेला बिचारा एसटीनं. अन् आली ते पेटी केवढी? काळी, लांब, मधात कंबरेसारखी बारीक. कंडक्टर म्हणे, "काका, हे कोण हाय? याचं अर्धं तिकीट लागन." गाडी हासली. नंदूभाऊ दिग्रसपर्यंत पेटी मांडीवर आडवी घेऊन, खिडकीकडं तोंड करून बसला. माहा मामा आजारी होता त्याले पाहून मी स्टँडवरच उतरलो होतो, अन् मले का ठाऊक? म्या आपलं जोरात इचारलं, "नंदूभाऊ! हे काय आणलं बे एवढं?"

वीस माणसं थांबली. अर्धे आमच्याच जिनिंगले माल टाकणारे. नंदूभाऊले थंडीत घाम फुटला, मी डोळ्यानं पाह्यला. तो म्हणे, "मशीन हाय."

"कायची?"

"ओलावा मोजाची. बाहेरदेशची."

आता झाकून काय करू, पुढची चूक माही हाय. मले लय मजा आली! दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर बसून जो ये त्याले म्या सांगावं, "आली बावा मशीन! आता एक टक्का बी लपणार नाई! सुई अशी आत जाते, अन् लाल लाइट लागला का बंडी वापस!" सुई! लाल लाइट! कोणी पाह्यला होता लाल लाइट? कायले बोललो मी? तुमाले सांगतो, तोंडाले कुलूप नसलं का माणसाचं असं होते. दुपारपर्यंत अर्धी लाइन फिरली. लोक बंड्या वळवून चालले, कापूस अजून वाळवाले. नंदूभाऊ आतमधी होता, शेठच्या हापिसात. त्याले वाटलं आज माल कमी हाय.

तिकडं घरी काय चाललं होतं ऐका. आदल्या सांजेले पेटी उघडली. वास काय, चकाकी काय, वहिनी बी म्हणे, "दिसाले तं गोड हाय बाई." नंदूभाऊनं आंघोळ केली, हो, आंघोळ केली, अन् गिटार मांडीवर घेतली. डावा हात दांडीवर ठेवला. अन्... बोटं पुरे ना! दांडी रुंद! त्या म्हाताऱ्याचे बोटं असतील शेवग्याच्या शेंगा, आमच्या नंदूभाऊचे हायेत आखूड, जाड, कापूस ओढून ओढून चापट झालेले. पहिल्या तारेवर गेला का सहावी सुटते, सहावी धरली का पहिली बोंबलते. मनगट वाकवलं, उभा राह्यला, पाटावर बसला, उशी घेतली. नाई! वहिनी दारात उभ्या होत्या, पदर तोंडाले लावून. म्हणे, "अहो... हात लावून पाह्यलं होतं काय?"

बाण लागला न भाऊ! अन् तेवढ्यावर भागलं असतं तं बरं. पेटीत एक चिठ्ठी होती, इंग्रजीत, अन् रुपयाएवढं एक घड्याळ. गुंजननं फोनवर फोटो पाहून वाचलं, "बाबा, तिला कोरडी हवा चालत नाही, लाकूड तडकतं. ओलावा पंचेचाळीसच्या खाली जाऊ द्यायचा नाही. ते घड्याळ नाहीये, ओलावा मोजायचं यंत्र आहे." ऐकलं? मशीन खरंच निघाली! अन् काटा कुठं होता? तिसावर! ज्यानं तीस वर्ष ओलावा हाय म्हणून बंड्या वापस धाडल्या, तो माणूस दोन टॉवेल ओले करून गिटारच्या आजूबाजूले वाळत घालून राह्यला.

म्या लाल लाइटीची बोंब ठोकली, त्याच्या तिसऱ्या दिवशी रामीबाई आली. बंजारा तांड्यावरची, नंदूभाऊले भिया, म्हंजे भाऊ, म्हणणारी, नवरा नाई, स्वतःच बंडी हाकते, हातात कोपरापर्यंत बांगड्या. नंदूभाऊनं बाही सारली, हात घातला अन् थांबला. कापूस असा, का मुठीत धरला तं चुरचुर पापडावानी! म्हणे, "इतका कायले वाळवला वं बाई? वजन गेलं ना सगळं."

रामीबाई म्हणे, "मशीन आणली ना तुमी, भिया. परवा मी तिसऱ्या लंबरले उभी होती. गनीभाईनं सांगितलं लाल लाइट लागते. बंडी फिरवली, रोडच्या कडीले दोन दिवस पसरवला, राखत बसली. तुमचा हात असता तं म्या उभीच राह्यली असती. हात समजून घेते. मशीनले काय समजते?"

परवाच्यापेक्षा भाव दोनशेनं पडला होता. मी काट्यावर होतो. म्या काय केलं? म्या चष्मा पुसला. लाज वाटली मले, अन् तरी तोंडातून शब्द निघाला नाई, हे बी सांगून टाकतो.

नंदूभाऊनं माह्याकडं पाह्यलं. रागानं नाई हो, रागानं पाह्यलं असतं तं बरं झालं असतं. बाही खाली केली, म्हणे, "बाई, दहा मिनिट थांब," अन् माही लुना घेऊन घरी गेला. आला तं मागच्या सीटवर ते काळी पेटी, सुतळीनं बांधेल. कापसाच्या ढिगापाशी, सगळ्या बंड्याईसमोर, पेटी खाली ठेवली. "रामीबाई, हे पाह्य ते मशीन." उघडली.

मागून एक पोट्टा फिसकन हासला, त्याच्या बापानंच त्याले एक हाणली.

नंदूभाऊ उभा राह्यला, हात असे बाजूले लोंबते सोडून. म्हणे, "माह्यासाठी घेतली. या वयात, या सालात. लोक काय म्हणतील म्हणून लाज वाटली, म्हणून खोटं बोललो. आता त्या खोट्याची त्याच्याहून जास्त लाज वाटून राह्यली. मशीन गिशीन काई नाई. हात हाच हाय, अन् आता पटत नसन तं उद्यापासून दुसरा ग्रेडर पाहा." मंग शेठकडं वळून म्हणे, "बाईच्या मालाले परवाचा भाव लावा, फरक माह्या पगारातून." शेठ होकाराची मान हालवून आत गेले. अन् तवा, तवा कुठं माह्या तोंडाचं कुलूप निघालं. म्हटलं, "लाल लाइट म्या लावला, रामीबाई. अर्धा फरक माहा."

रामीबाई कोणाकडंच पाहे ना. पेटीकडं पाहून राह्यली होती. म्हणे, "पैशाचं मंग पाहू. वाजवता येते काय?"

"थोडं."

"वाजव तं मंग. दोन दिवस रोडवर बसली मी याच्यापायी."

बसला नंदूभाऊ कापसाच्या गठाणीवर. सुरू केलं तेच, गणपतीतलं. अन् खरं सांगतो, सुरुवात गोड होती! बैल बी कान हालवाचे थांबले, का मले तसं वाटलं. अन् अर्ध्यात आलं, जिथं त्या वक्ती लाइन गेलती न, बरोबर तिथंच बोट पुरलं नाई. टंण्णकन तार बोंबलली. पुन्हा केलं, पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा त्यानं केलंच नाई. गिटार मांडीवर तशीच, अन् माणूस खाली मान घालून.

रामीबाई पुढं आली. बांगड्या वर सारल्या. गिटारच्या लाकडावरून हात फिरवला, तार दाबून पाह्यली, दांडी मुठीत धरून पाह्यली, घाई नाई बाईले, मागं वीस बंड्या उभ्या. मंग नंदूभाऊचं डावं बोट धरलं. दोन अंगठ्याच्या मधात. ओढलं असं हळू, अन् डोळे बारीक करून पाह्यत राह्यली... हुबेहूब! हुबेहूब नंदूभाऊ! अख्खा यार्ड माना लांब करू करू पाहे.

"लांबी कमी हाय," म्हणे. "वापस घेऊन जा."

असा हासला यार्ड, का शेठ बाहेर आले पाहाले. मी हासलो, माह्या डोळ्यातून पाणी आलं, ते कायचं होतं मले इचारू नका. नंदूभाऊ हासला नाई. त्यानं बोट सोडवून बी घेतलं नाई. आपल्या त्याच नेहमीच्या आवाजात, निकाल सांगते न तसा, म्हणे, "वापस घेत नाई वं ते लोक. बाकी ग्रेड बरोबर हाय."