कानशिलावरचा पांढरा डाग

बायांनो, बाप्यांनो, किकवीपासून भोरपर्यंतची माणसं आज हितं बसलीत. मला बोलायला उभं केलंय. आपले डॉक्टर गेले. त्यांचा मोठेपणा शिकलेली माणसं सांगतील. म्या माझी चूक सांगते.

माझी नात सुमन दोन वर्षांची होती. तापात तिला आकडी आली. म्या विळा तापवला आन तिच्या कानशिलावर डाग दिला. गावात म्याच द्यायची. पोरगी जगली. डाग ऱ्हायला, बंद्या रुपयाएवढा, पांढराफटक. ती लग्नाची झाली तवा बघायला येणारे त्याला कोड म्हणायचे आन पोहे तेवढे संपवून उठायचे.

तिला भोरला डॉक्टरांकडं नेली. ते म्हणाले, डागाचं वरचं कातडं खरवडू, मांडीवरचं कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ कातडं काढून तिथं बसवू, म्हंजी त्याचा रंग तिथं येईल. म्या म्हणलं, मग माझ्या मांडीचं घ्या.

"आजी, तुमचं तिला धरणार नाही. ज्याचं त्यालाच धरतं."

जुनं झालं म्हणून नको म्हणता व्हय, असं म्या विचारलं. ते हसले. पण डाग दिला म्या, आन मांडी सोलून घ्यायची तिनंच?

पट्टी बांधल्यावर आठ दिवस तिनं हसायचं न्हाई, तोंड हलवायचं न्हाई. म्या तोंड उघडलं की ती हसायची, म्हणून डॉक्टरांनी मलाच खोलीबाहेर काढलं. पट्टी सुटली तवा कातडं धरलं होतं. आधी काळपट दिसलं, मग सहा म्हैन्यांत आजूबाजूच्या रंगात मिसळलं. आज ती कामथडीला नांदते.

डाग कशाचा, असं त्यांनी विचारलं होतं. सुमन म्हणाली, चुलीवर पडले. म्या नुसती मान डोलवली. घरी निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"आजी, विळा गवतालाच असू द्या."

एवढंच. त्यांना सगळं ठावं होतं. चारचौघांत मला उघडं पाडलं न्हाई. म्हणून चारचौघांत आज म्याच सांगते. आकडीचं पोर घेऊन अजून माझ्या दारी येता. येऊ नका. भोरच्या दवाखान्याला कुलूप लागलंय, तर कापूरहोळला जाऊन पुण्याची एसटी धरा.

सुमन, उठ. पदर कानामागं घे. बघू दे सगळ्यांना त्यांच्या हातचं काम.

आता उभे ऱ्हावा. कुणी बोलू नका.