ओढणीतून लेझर

तुम्ही म्हणता ना गो, मी कुणाला घाबरत नाही? मग पेडण्याच्या कॉलेजातली माझी फिजिक्सची तोंडी परीक्षा ऐका. बारीक रेषांची काच, ग्रेटिंग म्हणतात ती, ऐन वेळी माझ्याच हातून पडून फुटली. बाहेरून आलेले परीक्षक समोरच बसले होते.

म्हटलं, "सर, काच नसली तर नसली, माझी ओढणी चालेल." लेझरसमोर दोन्ही हातांनी ओढणीचं टोक ताणून धरलं. पुढे भिंग होतंच. समोरच्या भिंतीवर लाल ठिपक्यांची फुली उमटली.

"हे काय झालं, बाय?"

"भिंगाने ओढणीच्या विणीचा फूरिए ट्रान्सफॉर्म काढला, म्हणजे धागे किती दाट ते ठिपक्यांत मांडलं, सर. आम्ही पानभर घाम गाळून जे इंटिग्रल सोडवतो, ते ह्याने एका क्षणात सोडवलं."

"बरं. ओढणी जरा बाजूला सरकवलीस तर ठिपके किती सरकतील?"

"अजिबात नाही. इंटिग्रलमध्ये तेवढ्याने फक्त फेज बदलतो, म्हणजे प्रकाशाची लाट जरा पुढेमागे होते, आणि फेज काही डोळ्यांना दिसत नाही."

"नक्की? चुकलीस तर ह्या प्रश्नाचे मार्क गेले. हवं तर उत्तर बदल."

आम्ही इब्रामपूरची माणसं, बोललो ते बोललो. "नाही बदलणार, सर."

"मग सरकवून दाखव!"

"मघापासून तेच दाखवतेय, सर. तुम्ही समोर बसल्यापासून माझे हात थरथरतायत, ओढणी सारखी हलतेय. आता भिंतीकडे बघा. एक तरी ठिपका जागचा हललाय?"