मंगळवारी दहा वाजता, विद्यापीठात

(फ्लीटवुड, लँकेशायर; इंग्लंडमधलं मासेमारीचं बंदर. सकाळचे साडेदहा. मेव्हिस आणि क्लिफ थ्रेल्फॉल ह्या नवराबायकोच्या स्वयंपाकघरात विद्यापीठातला संशोधक गॅरेथ लॅपटॉप उघडून बसला आहे.)

मेव्हिस: 'काळजीवाहकांच्या लवचिकतेवर विश्रांतीपर हस्तक्षेपाचा परिणाम.' गॅरेथ, राजा, हे तू जागेपणी लिहिलंस?

गॅरेथ: ते अभ्यासाचं नाव आहे. नाव जरा भारदस्त लागतं.

मेव्हिस: आणि वर लिहिलंय, 'सर्वसामान्यांसाठी, सोप्या भाषेत'. मी सर्वसामान्य. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवण वाढलं. माझ्या तर डोक्यावरून गेलं. हस्तक्षेप म्हणजे काय?

गॅरेथ: मदत.

मेव्हिस: मग मदत लिही ना. हस्तक्षेप पोलीस करतात.

गॅरेथ: बरं. मदत.

मेव्हिस: आणि लवचिकता? कमरेची का?

गॅरेथ: नाही हो. म्हणजे माणूस किती तग धरतो ते.

मेव्हिस: तग धरणं. लिही. तोंड वाकडं करू नकोस, लिही.

क्लिफ: ह्याने बॉयलर बघितला का?

मेव्हिस: हा बॉयलरवाला नाही, क्लिफ. हा गॅरेथ. दोन वर्षं येतोय आपल्याकडे.

क्लिफ: दोन वर्षं येतोय आणि बॉयलर अजून तसाच?

गॅरेथ: बघतो, मिस्टर थ्रेल्फॉल. चहा झाला की लगेच बघतो.

मेव्हिस: त्याला कबूल करू नकोस काही. तू जाशील निघून, मग दिवसभर माझ्या मागे भुणभुण.

गॅरेथ: मेव्हिस, अनुदानाच्या अर्जाचा फॉर्म एक वाजता बंद होतो. एक वाजून एक मिनिटाने मी कितीही हातापाया पडलो तरी उघडत नाही. सगळं भरलंय. हे सोप्या भाषेतलं पान आणि तुमचं पान, एवढंच राहिलंय.

मेव्हिस: माझ्या पानाचं नंतर बघू.

गॅरेथ: गेला आठवडाभर 'नंतर'च ऐकतोय मी.

मेव्हिस: मग अजून तासभर ऐक. दोनदा नाही म्हणालेत ना रे ते पैसेवाले ह्या अर्जाला?

गॅरेथ: दोनदा. तिसऱ्यांदा नाही म्हणाले तर विषयच संपला, पुन्हा पाठवता येत नाही. आणि घरी माणूस सांभाळणाऱ्या कुणाचं तरी नाव संशोधकांच्या बरोबरीने नसेल, तर सरकारी पैसा मिळतच नाही. म्हणून तुमच्या मागे लागलोय.

मेव्हिस: मला वाटलं बिस्किटांसाठी येतोस.

गॅरेथ: बिस्किटांसाठीही येतो.

मेव्हिस: घे मग अजून एक. आणि मला सांग, हा अभ्यास कशाचा आहे? सोप्या भाषेत.

गॅरेथ: तुम्हाला माहितीय की.

मेव्हिस: मला माहितीय. तुला आहे का ते बघतेय.

गॅरेथ: नवऱ्याला नाहीतर बायकोला घरी सांभाळणाऱ्यांना आठवड्यातून दोन दुपारी कुणी तरी सोबतीला दिलं, म्हणजे त्यांना जरा घराबाहेर पडता आलं, तर त्यांना माणूस जास्त दिवस घरी सांभाळता येतो का.

मेव्हिस: शाबास. म्हणजे आत्ता त्यांना घराबाहेर पडता येत नाही.

गॅरेथ: नाही येत.

मेव्हिस: आणि मुलाखतीला तू त्यांना कुठे बोलावलंयस? पान अकरा बघ.

गॅरेथ: विद्यापीठात. मंगळवारी दहा... बोंबललं.

मेव्हिस: बोल, बोल. दहा वाजता काय?

गॅरेथ: बसभाडं देणार होतो आम्ही.

मेव्हिस: कुणाला? क्लिफला?

क्लिफ: मी बसने जात नसतो.

मेव्हिस: ऐक. तो बसने जात नसतो. गेल्या साली चाचणी म्हणून केलंस तेव्हा बारा जणींनी हो म्हटलं होतं. आल्या किती?

गॅरेथ: तिघी.

मेव्हिस: आणि अहवालात काय खरडलंस?

गॅरेथ: 'सहभागींना फारसा रस दिसला नाही.'

मेव्हिस: रस नाही म्हणे. आमची एल्सी, तीही नवऱ्याला सांभाळते, त्या दिवशी नवा कोट घालून दारात रडत बसली होती. शेजारीण येऊन बसणार होती, ती आयत्या वेळी फिरली. एल्सीने ओठांना रंगसुद्धा लावला होता रे, तुझ्या विद्यापीठासाठी.

गॅरेथ: हे पान पाच प्राध्यापकांनी वाचलंय, मेव्हिस. एकाच्याही लक्षात आलं नाही.

मेव्हिस: त्या पाचांना बाहेर पडता येतं ना. कसं लक्षात येणार?

गॅरेथ: खोडतो. 'मुलाखती सहभागींच्या घरी, त्यांच्या सोयीच्या वेळी.' बरं आहे?

मेव्हिस: आणि जाताना काही तरी खायला न्यायचं. सगळीकडे माझ्यासारखी बिस्किटं देणारी भेटणार नाही.

क्लिफ: पोरा, तू कुठल्या बोटीवर होतास?

गॅरेथ: मी बोटीवर नव्हतो, मिस्टर थ्रेल्फॉल.

क्लिफ: ते दिसतंय. हात बघ ह्याचे, मेव्ह. आयुष्यात दोर धरलेला नाही.

मेव्हिस: तो नुसते कागद धरतो, क्लिफ.

क्लिफ: आइसलँडला मासे धरायला नेला असता तर दुसऱ्या दिवशी आईला हाका मारल्या असत्या ह्याने.

गॅरेथ: पहिल्याच दिवशी मारल्या असत्या.

क्लिफ: खरं बोलतो पोरगा. ह्याला चहा दे.

मेव्हिस: दिलाय. तू पाय वर घे जरा, अंगावर पांघरूण घालते.

गॅरेथ: मेव्हिस, साडेअकरा झाले. आता तुमचं पान. नाव, पत्ता आणि तुमचा अनुभव, दहा ओळींत.

मेव्हिस: हळू बोल, डोळा लागतोय त्याचा. एल्सीचं नाव घाल.

गॅरेथ: एल्सीचं? मध्येच?

मेव्हिस: ती हुशार आहे. अक्षर चांगलं आहे तिचं.

गॅरेथ: हा निम्मा अभ्यास तुम्ही उभा केलात. समितीसमोर त्या टायवाल्याला तुम्ही गप्प बसवलंत. एल्सीला पान अकरा कुठलं तेही ठाऊक नाही. मी काही चुकलो का?

मेव्हिस: तू रोजच चुकतोस, त्याचं काय एवढं. अभ्यास किती वर्षांचा?

गॅरेथ: तीन.

मेव्हिस: झोपला बघ. गॅरेथ, सोमवारी क्लिफला केअर होममध्ये नेणार आहेत. क्लीव्हलीजला. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे.

गॅरेथ: ह्या सोमवारी?

मेव्हिस: ह्याच. पंधरा दिवसांपूर्वी मी दुधाला गेले, दहा मिनिटं. परत येते तर दार सताड उघडं. हा गोदीवर, अनवाणी. बोट चुकेल म्हणून धावत सुटला होता. दोन माणसांनी धरून आणला. त्याच आठवड्यात त्याला न्हाणीतून उठवताना मी पडले. मनगट बघ, अजून काळंनिळं आहे. डॉक्टर म्हणाली, आता पुरे.

गॅरेथ: तुम्ही मला बोलला नाहीत.

मेव्हिस: तुझा अर्ज चालला होता. दोन वर्षं मी सगळीकडे छातीठोकपणे सांगत फिरले, आम्हाला जरा हात द्या, आम्ही घरी सांभाळतो. आणि माझ्याच हातून झालं नाही. लाज वाटते रे मला. कुठल्या तोंडाने नाव घालू त्यात?

गॅरेथ: मिस्टर थ्रेल्फॉलना सांगितलंय?

मेव्हिस: रोज सांगते. रोज नव्याने ऐकतो. रोज विचारतो, तू पण येणार ना.

गॅरेथ: मेव्हिस, अर्जाचं राहू दे. मी विद्यापीठात फोन करतो. नाही गेला तर नाही गेला.

मेव्हिस: गप बस. ही नाटकं माझ्यापुढे नकोत. मला एक सांग, आणि खरं सांग. दोन दुपारी कुणी येऊन बसलं असतं, तर तो राहिला असता इथे?

गॅरेथ: माहीत नाही.

मेव्हिस: हो म्हण की. म्हातारीला एक खोटं सांगायला तुझं काय जातं?

गॅरेथ: मला उत्तर माहीत असतं तर दोन वर्षं मी हा अर्ज कशाला लिहीत बसलो असतो? मला माहीत नाही. त्या पाच जणांना माहीत नाही, सरकारला नाही. मोजलंच नाही कुणी. कदाचित राहिले असते. कदाचित सोमवार आलाच असता.

मेव्हिस: मग मी रोज सकाळी स्वतःला बोल लावते, ते?

गॅरेथ: त्याला काहीही पुरावा नाही.

मेव्हिस: हं. हे मात्र सोप्या भाषेत बोललास.

गॅरेथ: तुमच्याकडेच शिकलो.

मेव्हिस: बघ, रडवलंस मला. तो पुसायचा कपडा दे इकडे. तो नको, भांड्यांचा आहे तो. किती वाजले?

गॅरेथ: बारा वाजून पाच.

मेव्हिस: घे लिहून. 'मी माझ्या नवऱ्याला सहा वर्षं घरी सांभाळलं. पुढे झेपलं नाही. कुणी मदतीला आलं असतं तर झेपलं असतं का, असं मी विचारलं, तेव्हा कुणालाच उत्तर देता आलं नाही.' लिहिलंस?

गॅरेथ: लिहिलं.

मेव्हिस: 'माझ्यानंतर जी विचारेल तिला तरी उत्तर मिळावं, म्हणून मी ह्यात आहे.' दहा ओळी झाल्या?

गॅरेथ: चार झाल्या. पुरे आहेत.

मेव्हिस: पुरे काय, शाळेतली नोकरी घाल. एकतीस वर्षं म्हणजे गंमत नाही. आणि नाव पूर्ण लिही, मेव्हिस ॲन थ्रेल्फॉल. मोठमोठ्या डॉक्टरांच्या रांगेत जायचंय मला.

गॅरेथ: सोमवारी किती वाजता निघणार तुम्ही?

मेव्हिस: दहाला. मुलगी येतेय गाडी घेऊन. तू येऊ नकोस, तू रडशील.

गॅरेथ: मी दुपारी येतो. तुम्ही परत आल्यावर.

मेव्हिस: ये. घर फार मोठं वाटेल त्या दिवशी.

गॅरेथ: एकच खूण राहिलीय. दोनच चौकोन दिलेत त्यांनी. 'सध्या काळजी घेत आहे', आणि खाली 'पूर्वी घेत होते'. अभ्यास सुरू होईल तोपर्यंत म्हणजे...

मेव्हिस: आज वार कुठला?

गॅरेथ: शुक्रवार.

मेव्हिस: मग विचारतोस काय? वरच्या चौकोनात कर.