फटीतली वार्षिक सभा

खेळीमेळीत! नाही, तुम्हीच सांगा, ह्याला खेळीमेळी म्हणतात? आमच्या गुहा मंडळाचं दर महिन्याला एक पत्रक निघतं, त्यात ह्या वेळची पहिलीच बातमी, ठळक अक्षरात: 'मंडळाची वार्षिक सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. एका ज्येष्ठ सभासदाने अंतर्भागातून मोलाचे सहकार्य केले.' अंतर्भागातून! अहो, तो ज्येष्ठ सभासद मी! आणि अंतर्भाग कुठला, तर डोंगराचा! तिकडे सभा चालली होती, थर्मासमधला चहा फिरत होता, टाळ्या पडत होत्या, आणि मी कुठे? फटीत!

थांबा, नीट पहिल्यापासून सांगतो. नाहीतर तुम्हीही हसाल आणि मग मला तुमच्याशीही भांडावं लागेल.

मी टेलर. चौकात दुकान आहे, शर्ट-पँट, कोट, आल्टरेशन. नाकासमोर चालणारा माणूस. ह्या गुहांच्या नादाला मी आपणहून लागलो नाही, मला लावलं. कोणी? बायकोच्या धाकट्या भावाने! हा माझा मेहुणा म्हणजे असा की अंगावरचे कपडे हँगरला टांगल्यासारखे दिसतात. ह्याचं माप घ्यायला टेप गुंडाळली तर टेपच जाड वाटते. आता आवड असते माणसाला, कोणी तिकिटं जमवतं, कोणी मासे पाळतं. हा रविवारी उठून डोंगराच्या पोटात शिरतो, दिवसभर चिखलात लोळतो आणि त्याच अवताराने आमच्या सोफ्यावर बसून म्हणतो, "ताई, काय शांतता असते गं आत!" ताई सोफा पुसते. भाऊ ना!

तर ह्यांच्या मंडळाला हवे होते गुहेत घालायचे डगले. जाड कापड, गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध, गुडघ्याला दुहेरी ठिगळ. शिवले मी. तर म्हणतो, "दाजी, एकदा आत येऊन बघा की, डगला सरपटताना कसा बसतो ते." गेलो बघायला. झालो सभासद! आणि खोटं कशाला बोलू, मला आवडलं. दुकानात दिवसभर मशीनची खडखड, 'मास्तर, आजच पाहिजे', 'मास्तर, बाही आखूड झाली'... आणि आत? कुठेतरी लांब पाण्याचा एक थेंब पडतो, बस्स. आपल्याला कोणी मास्तर म्हणत नाही.

पण ते मंडळ! अहो, ते मंडळ! अध्यक्ष आमचे निवृत्त प्राध्यापक, दगडांचे. माणूस देवासारखा, पण त्यांनी एक वाक्य सुरू केलं की ते संपेपर्यंत गुहेच्या छताला चुन्याचा नवीन सुळका लोंबायला लागतो. दुसरा तो औषधाच्या दुकानवाला, पत्रक तोच काढतो, म्हणून आम्ही त्याला बातमीदार म्हणतो. ह्याला बातमीशिवाय करमत नाही. 'मोठ्या गुहेत स्वच्छता मोहीम यशस्वी.' 'भिंतीवर नावे कोरणाऱ्यांचा तीव्र निषेध.' 'वटवाघळांना पिल्ले, मंडळातर्फे अभिनंदन.' वटवाघळं वाचतात का हो पत्रक?

आणि मंडळाचं कायमचं दुखणं म्हणजे वार्षिक सभा. कोरमच भरत नाही! ही माणसं अंधारात, गारठ्यात, पोटावर सरपटत कुठेही जातील, पण खुर्चीवर बसून अहवाल ऐका म्हटलं की एकाची मावशी आजारी पडते, एकाच्या घरी पाहुणे येतात. दरवर्षी अध्यक्ष भाषण घेऊन येतात आणि तसंच घडी घालून घेऊन जातात.

तर तो रविवार. मेहुणा, मी, बातमीदार आणि मंडळाच्या सेक्रेटरी, म्हणजे आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाई, असे आम्ही मोठ्या गुहेत गेलो. एका बाजूच्या बोळाच्या टोकाला भिंतीत एक फट आहे. आडवी. तुमच्या-माझ्या घरात कपाटाखाली असते ना, झाडू घालायला, तेवढी! त्या फटीशी मेहुण्याने गाल लावला आणि ओरडला, "दाजी, वारा येतोय! पलीकडे खोली आहे!" आणि सर्रकन गेला आत, पाकीट टपालपेटीत जावं तसा. मग आतून आवाज, "दाजी! आजवर कोणी आलं नसेल इथे! पांढरेशुभ्र पडदे आहेत दगडाचे! वरपासून खालपर्यंत! चुण्या पडल्यात दाजी, दगडाला चुण्या!"

आता तुम्हाला सांगतो, टेलरला असं सांगावं का? आयुष्य गेलं माझं कापडाला चुण्या घालण्यात, आणि दगडाला कोणी घातल्या? मला राहवेना. हेल्मेट काढून पुढे ढकललं, एक हात पुढे ताणला, एक अंगालगत ठेवला. डोकं गेलं. खांदे गेले. श्वास सोडला, छाती गेली. मला वाटलं, जिंकलो! आणि मग पोट आलं. पोटाला आणि डोंगराला ते एकदमच कळलं. पुढे जाईना, मागे येईना. तोंड नव्या खोलीत, पाय जुन्या बोळात, आणि बाकीचा मी कुठे? फटीत!

मेहुणा माझ्या तोंडासमोर. त्याला बाहेर यायला दुसरी वाट नाही, आणि होती त्या वाटेत मी, बाटलीत बूच बसावं तसा. तर हा शहाणा विचारतो काय, "दाजी, डबा तुमच्या पिशवीत आहे का हो? पिशवी तिकडेच राहिली का?"

मागे डॉक्टरीणबाई. बाईंचा हात हलका आहे, दाढ काढली माझी तर कळलंसुद्धा नाही, पण सवय कुठे जाते? माझ्या पोटरीवर थोपटून म्हणतात, "मास्तर, अगदी रिलॅक्स. दुखलं तर हात वर करा." अहो, हात वरच आहे! तोच तर खाली येत नाहीये!

बाईंनी बातमीदाराला बाहेर पिटाळलं, म्हणाल्या, बचाव पथकाला फोन कर. फोन केला त्याने, नाही असं नाही. पण तेवढ्यावर थांबेल तर तो बातमीदार कसला! सगळ्या मंडळाला निरोप धाडला, 'मास्तर गुहेत अडकले. सर्वांनी यावे.' सर्वांनी यावे! माझ्या मुलीचं लग्न आहे का? आणि आले हो! सगळे आले! ज्यांच्या मावश्या आजारी होत्या तेही आले! त्या बोळात एकामागून एक बसले, आणि प्रत्येक जण येऊन माझ्या पायांशी बोलला. पायांशी! "काय मास्तर, फिटिंग टाइट झालं वाटतं?" हा पहिला. मागून दुसरा, "मास्तर, जगाची मापं घेता, स्वतःचं घ्यायचं राहिलं का?" तिसऱ्याने तर बुटांचा फोटो काढला. मी आतून ओरडलो, "अरे, माणूस मरतोय इथे!" तर लगेच डॉक्टरीणबाई, "मास्तर, रागावू नका. राग आला की पोट फुगतं, आणखी घट्ट बसाल."

आता ही कुठली पद्धत? माणसाला चिडवायचं आणि वर सांगायचं, चिडू नका! शांत व्हा म्हटल्यावर जगात आजवर कोणी शांत झालंय का? मी चिडलो. फुगलो. फुगलो म्हणून रुतलो, रुतलो म्हणून आणखी चिडलो! डोंगराला काय, तो होता तिथेच होता.

बचाव पथक लांबून यायचं होतं. तोवर काय करायचं? सगळे चुळबुळ करत बसले. आणि मला अध्यक्षांचा आवाज ऐकू आला. कापत होता हो आवाज, आनंदाने! "मंडळी... मी आत्ता डोकी मोजली... मंडळी, कोरम भरलाय!"

विश्वास बसतो तुमचा? माझा नाही बसला. मी म्हटलं, गंमत करतायत. तर मागून खरंच सुरू! "सर्वप्रथम मी उपस्थितांचे स्वागत करतो..." भाषण पाठच होतं, एवढ्या वर्षांत एकदाही वापरलेलं नव्हतं! अहवाल झाला. टाळ्या. वटवाघळांच्या खोलीत पिल्लं मोठी होईपर्यंत कोणी जायचं नाही, असा ठराव आला. चांगला ठराव आहे, माझं काही म्हणणं नाही. पण मतदान कसं? हात वर करून! आणि मेहुणा नव्या खोलीतून, फटीला तोंड लावून, माझ्या कानात बोंबलतो, "दाजींचा हात वर आहे!"

"अरे गाढवा, अडकलाय तो!"

"पण वर आहे ना, दाजी?"

"मास्तर अनुकूल," तिकडून बातमीदार.

हेल्मेटचा रंग पिवळा असावा, मास्तर अनुकूल. लाल असावा, मास्तर त्यालाही अनुकूल! पुढची सहल लांब न्यावी, अनुकूल! मी "नाही, नाही" ओरडतोय, पण टाळ्यांच्या कडकडाटात ऐकतो कोण! आणि शेवटी एका शहाण्याने ठराव मांडला, की आजचा प्रसंग पाहता ज्येष्ठ आणि वजनदार सभासदांना अरुंद जागेत जाण्यास कायमची बंदी असावी. "दाजींचा हात वर आहे!" एकमताने संमत! म्हणजे माझ्यावरची बंदी माझ्याच मताने पास! लोकशाही चालली होती, आणि मी कुठे? फटीत!

आभारप्रदर्शन सुरू झालं आणि एकदम सगळं चिडीचूप. मला कळेना, पथक आलं की काय. तर आवाज आला, "बाजूला व्हा."

बायको माझी! जन्मात कधी गुहेत पाऊल ठेवलं नव्हतं. भांडी घासताना निरोप मिळाला, तशीच उठून आली. बाहेर कोणाचा तरी डगला पडला होता, तो अंगात घातला, बाह्या दुमडल्या, आणि वाटेतल्या एकेका हेल्मेटवाल्याला विचारत त्या बोळापर्यंत सरपटत आली. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, एवढं आभारप्रदर्शन..." "बाजूला व्हा म्हटलं ना!" झाली सभा बरखास्त.

तिने माझे बूट काढले. मी सुरूच होतो, "बघ तुझा भाऊ! बघ हे मंडळ! एकेकाला कोर्टात खेचतो..." तिने ओरडू दिलं मला. मग दोन्ही हातात माझी पावलं धरली आणि अगदी हळू म्हणाली, "किती गार पडलेत हो पाय."

...तुम्हाला सांगतो, तोवर मी चिडलेला होतो ना, म्हणून घाबरायला सवडच मिळाली नव्हती. त्या एका वाक्याने राग कुठच्या कुठे गेला आणि मला दिसलं की मी कुठे आहे. डोंगराच्या आत. वर डोंगर, खाली डोंगर. मेहुणा समोर होता, तो हेल्मेट हातात घेऊन नुसता माझ्याकडे बघत बसला.

ती म्हणाली, "मी आहे इथे. आता सगळा श्वास सोडा. संपला वाटला तरी अजून सोडा. आणि बोलू नका. आज एक दिवस बोलू नका."

सोडला. अजून सोडला. तिने मागून ओढलं, तिच्यामागे सगळ्या मंडळाने तिला ओढलं, पुढून मेहुण्याने माझे खांदे दाबले, आणि टर्रर्र... डगला काखेपासून मांडीपर्यंत उसवला आणि मी सुटलो! माझी शिवण उसवली, मी स्वतः घातलेली दुहेरी शिवण, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला शिवण उसवल्याचं बरं वाटलं. बोळात पालथा पडलो आणि ढसाढसा... म्हणजे डोळ्यात माती गेली होती. बायकोच्याही गेली होती. मागून मेहुणा बाहेर आला, त्याच्या पाठीत तिने एक ठेवून दिली, अशी की अध्यक्षही दचकले.

इथे संपायला हवं होतं ना? संपेल कसं! तिने तोंड पुसलं, फटीकडे बघितलं आणि मला विचारलं, "एवढं आहे तरी काय हो पलीकडे?" मी म्हटलं, "अगं, नको..." तोवर गेली! सर्रकन! भावाची बहीण ना! मग आतून हसू ऐकू आलं. असं हसू मी लग्न नवं होतं तेव्हा ऐकलं होतं, मध्ये कुठे गेलं होतं कोणास ठाऊक. अर्ध्या वाटेत पोचलेल्या बचाव पथकाला बातमीदाराने निरोप धाडला, 'माणूस निघाला, आता बाई आत गेल्यात, पण त्यांची यायची इच्छा नाही.'

तेव्हापासून दर रविवारी बाईसाहेब गुहेत. भाऊ-बहीण दोघं! संध्याकाळी दोघं चिखलासकट सोफ्यावर बसतात आणि मी पुसतो. डगला शिवून घेतला माझ्याकडून, चार वेळा आल्टरेशन. आणि परवा मी चिडून म्हटलं, "मीही येतो. बंदी गेली खड्ड्यात, सभासद आहे मी! आणि ते पडदे मी नीट पाहिलेसुद्धा नाहीत, समोर सगळा वेळ तुझा भाऊ होता!" तर बुटांच्या नाड्या बांधता बांधता, वर न बघता, इतक्या मायेने म्हणाली हो, "राहू द्या. तुम्ही आलात की रस्ता बंद होतो."

आता दर रविवारी डबा भरून देतो, झालं!