सांध्यात रिंगा नव्हत्या

जबाब, ता. १४ डिसेंबर १९६७

माझे नाव चिमाजी धोंडीबा थोरवे, वय ६१ वर्षे, धंदा शेती, मूळ राहणार चऱ्होली, हल्ली पिंपरी. समक्ष हजर राहून सांगतो की, पिंपरीतील तीन मजली इमारत माझा मुलगा ज्योतीराम याने ठेकेदार म्हणून बांधली. मी तळमजल्यावर राहतो. शेजारच्या खोलीत कंपनीतील कामगार किसन व त्याची पत्नी तानुबाई राहतात.

सोमवारी पहाटे भूकंप झाला. सर्व भाडेकरू मैदानात आले. उजाडल्यावर आमच्या खोल्यांपुढच्या गॅलरीच्या कोपऱ्यात, बीम कॉलमला मिळतो तिथे, तिरप्या भेगा दिसल्या. ज्योतीरामला बोलावले. त्याने भेगेवर काठी ठोकली व म्हणाला, "प्लॅस्टर तडकलंय. आत चला." कोणी हलेना. मग तो मला म्हणाला, "आबा, तुमी जावा की पुढं. तुमी गेल्यावर येतील समदी."

मी गेलो. माझ्यामागून लोक गेले.

मंगळवारी सकाळी पुन्हा धक्का बसला. तो पहिल्यापेक्षा कमी होता. किसन रात्रपाळी करून गॅलरीत झोपला होता. कोपऱ्याचा सांधा फुटला व बीम त्याच्या पायांवर आला. आम्ही पहारीने बीम उचलून त्यास बाहेर काढले. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून काढला.

दवाखान्यातून परत येऊन मी फुटलेली जागा पाहिली. बीमच्या व कॉलमच्या सळयांभोवती त्यांना जखडून धरणाऱ्या लोखंडी रिंगा बांधलेल्या होत्या. दोन्ही एकत्र येतात तेवढ्या जागेत एकही नव्हती. तिथे सळया बाहेर फुगून काँक्रीट निखळले होते. मी ज्योतीरामला विचारले, "इथंच का न्हाईत?"

तो म्हणाला, "तिथं सळयांची दाटी असते आबा. रिंग घालायला लई वेळ जातो. आन् काँक्रीट भरल्यावर कुणाला दिसतंय?"

मग तो म्हणाला, "पोलिसांना सांगा, भूकंपानं पडलं. खोटं न्हाई त्ये."

आसपासच्या इमारती उभ्या आहेत. आमच्या इमारतीचे बाकीचे सांधे कसे आहेत ते मला माहीत नाही. वर अजून माणसे राहतात. त्यांना खाली उतरवावे, ही विनंती.

ठाण्यावर येण्याआधी मी दवाखान्यात गेलो. तानुबाई व्हरांड्यात बसली होती. तिने मला बसायला सतरंजी सरकवली. मी उभाच राहिलो व मुलगा काय बोलला ते तिला सांगितले. ती मग म्हणाली, "आबा, आमी तुमच्याकडं बघून आत गेलो व्हतो."

 मी तेथून निघून इकडे आलो.

हवालदारांनी विचारले की, ठेकेदाराचे नाव लिहितो, पण 'माझा मुलगा' हे शब्द वगळायचे का. वगळू नयेत असे मी सांगितले. जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो लिहिला आहे व खरा आहे.

(डाव्या अंगठ्याची निशाणी) चिमाजी धोंडीबा थोरवे