मानाची घंटा

इस्फहानला नानच्या भट्टीसमोर तूबाआजी रांगेत उभी होती. पुढे दोन म्हातारे होते. एक हाताचं प्लॅस्टर नुकतंच काढलेला यदुल्ला पैलवान. दुसरा नुसरत, नावाजलेला पैलवान तालमीत शिरला की मानाची घंटा वाजवणारा.

"दंड-मनगटासाठी डॉक्टर काय म्हणाला?" नुसरतनं विचारलं.

"रबरी चेंडू दाबा म्हणाला. मला! माझे मुद्गल फिरले की नदीपल्याडची धुणी वाळायची."

"नदीला पाणी होतं तेव्हाच्या थापा या."

"धुणी माझीच होती," तूबाआजी मागून म्हणाली.

"ऐकलंस?"

"ऐकलं. पण आता हलक्या मुद्गलांनी सुरुवात कर."

"पोरांच्या मुद्गलांची जोडी घेऊ? ज्याच्यासाठी तू घंटा वाजवायचास, त्यानं? आता चहाचा पेलाही धरवत नाही, नुसरत. मी तालमीत येत नाही."

"नको येऊस. तुझी नान तरी त्या हातानं उचल."

"भाजतंय रे."

"भाजू दे."

हातभर लांब नान थरथरत वर आली, पण पडली नाही. नुसरतनं भिंतीला टेकवलेल्या आपल्या सायकलची घंटा वाजवली.

यदुल्लानं नान त्याच हातात धरून ठेवली.

"शुक्रवारी पोरांची जोडी काढून ठेव," तो म्हणाला.