पाठच्या भावाचं कर्ज

बारक्या: म्हणजे तू घेतलंस ते चांगलं, आणि मी मागितलं की वाईट?

ताई: वाईट म्हणत नाहीये. आज सही करू नका, एवढंच म्हणतेय.

बाबा: अगं, तो माणूस निघालाय तिकडून. आयत्या वेळी त्याला काय सांगू? उपयोजित गणिताला प्रवेश मिळालाय, कॉलेज नावाजलेलं, आणि कर्ज द्यायला माणूस आपल्या दारात येतोय. तुझ्या वेळी ह्याच कंपनीत मी किती चपला झिजवल्या, आठवतंय ना?

ताई: आठवतंय, बाबा. म्हणूनच विचारतेय. या खेपेला ते आपणहून कसे आले?

बारक्या: माझे मार्क बघून. फोनवर तसं म्हणाले.

ताई: मार्क कुणी बघत नाही तिथे.

बारक्या: तुला बरं माहीत.

ताई: मी तिथेच नोकरी करते.

बाबा: तू तर बँकेत होतीस.

ताई: होते. त्या पगारात कर्ज फिटेना. मग ह्या कंपनीनंच बोलावलं. पगार जवळजवळ दुप्पट, वर माझ्या कर्जावरचं व्याज कमी. पण मी त्यांच्याकडे आहे तोवरच. नोकरी सोडली की उरलेलं सगळं एकदम भरायचं.

बाबा: आणि हे आम्हाला आज कळतंय.

ताई: ज्यांचं देणं, त्यांचंच मीठ खायचं. लाज वाटली सांगायची.

बारक्या: पण पगार आहे ना चांगला? मी हिशेब मांडलाय, ताई. पहिली काही वर्षं ओढाताण, मग सुटका.

ताई: या शिक्षणाला पैसा आहे, खोटं कशाला बोलू. माझ्या वर्गातले निम्मे मजेत आहेत. उरलेल्यांना वसुलीचे फोन जातात.

बाबा: ते फोन तू करतेस?

ताई: नाही. कुणाला दिलेलं कर्ज बुडणार नाही, ते मी गणितानं काढते. हजारो घरांची माहिती समोर असते. गेल्या वर्षी त्यात मला एक गोष्ट दिसली. ज्या घरात थोरलं मूल नेमानं हप्ते भरतंय, तिथल्या धाकट्याचं कर्ज सहसा बुडत नाही. मग तो नापास होवो, आजारी पडो, बेकार बसो.

बारक्या: का?

ताई: थोरलं भरतं.

बाबा: ही अक्कल तू दिलीस त्यांना?

ताई: हो. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. बढती दिली. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्याच पैशात झालं, बाबा. आता अशी घरं हुडकून ते फोन करतात.

बारक्या: मला आला तो…

ताई: तोच.

(खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज.)

बाबा: आला वाटतं. मी व्याज विचारलं होतं त्याला. तुझ्यापेक्षा बरंच जास्त सांगितलं. म्हटलं, एवढं का? तर हसला. म्हणाला, काका, तुमच्या घरात कमावती मुलगी आहे, झेपेल तुम्हाला.

ताई: बारक्या, इथल्या कॉलेजात जा. फी परवडेल. मागे राहशील थोडा, पण मोकळा राहशील.

बारक्या: इथे हा विषयच नाही. आणि मला दुसरं काही येत नाही, तुला ठाऊक आहे. शाळेत असल्यापासून तुझीच पुस्तकं वाचत आलोय मी.

ताई: ठाऊक आहे.

बारक्या: मग असं करू. तू जामीन राहू नकोस. बाबाही नकोत. मी बुडालो तर एकटा बुडेन.

बाबा: असं कुणी बुडू देतं का रे?

बारक्या: तुम्ही थांबा, बाबा. ताई, तू सांग. मला बुडू देशील?

ताई: नाही.

बाबा: बेल वाजतेय.

ताई: उघडा दार. जामिनाची सही कुठे करायची ते मला माहीत आहे.